शाबास, वन्स मोअर आणि हुर्रे
(आनंदोद्गारांचे कूळ आणि त्यांची पायरी)

बी. ए. (द्वितीय वर्ष)

मराठी व्याकरणात शब्दांच्या आठ जाती सांगितल्या आहेत. त्यांतली शेवटची जात केवलप्रयोगी अव्ययांची. परीक्षेच्या दृष्टीने ही जात फार सोपी. अहाहा, वाहवा, शाबास, अरेरे, अबब, छी असे सहा-सात शब्द पाठ करावेत, ते वाक्याचा भाग नसतात आणि मनातली भावना एकदम व्यक्त करतात एवढे लिहावे, की गुण पदरात पडले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ साली आला. तेव्हापासून आजपर्यंत नाम, क्रियापद, विभक्ती यांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी या बिचाऱ्या शेवटच्या जातीच्या वाट्याला आलेली नाही. शेवटच्या पंगतीला वरणात पाणीच जास्त, तशी तिची अवस्था आहे.

इंग्रजीत या जातीला ‘इंटरजेक्शन’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मध्येच फेकलेला’. म्हणजे बोलणे चालू असताना कोणीतरी बाहेरून खडा टाकावा तसा हा शब्द. अठराव्या शतकातील इंग्रज भाषाचिंतक हॉर्न टुक याने तर त्याला भाषेत जागा द्यायलाच नकार दिला. त्याच्या मते असे उद्गार जनावरांच्या आवाजापेक्षा वेगळे नव्हेत. याच्या उलट, माणसाची सगळी भाषाच मुळात अशा उत्स्फूर्त उद्गारांतून निघाली, असे मानणारेही विद्वान होते. मॅक्स म्युल्लर यांनी १८६१ सालच्या आपल्या व्याख्यानांत त्यांच्या मताला ‘पू-पू सिद्धांत’ असे थट्टेचे नाव दिले. एक म्हणतो ही भाषाच नव्हे, दुसरा म्हणतो ही भाषेची आई. एकाच शब्दजातीविषयी इतकी दोन टोकाची मते असतील तर ती जात काही अगदीच क्षुल्लक नसावी.

प्रस्तुत लेखात सर्व उद्गारांचा विचार करण्याचा मानस नाही. दुःख, तिरस्कार, आश्चर्य बाजूला ठेवून फक्त आनंदाचे आणि कौतुकाचे उद्गार घेतले आहेत. त्यांतही आपण मराठी माणसे इंग्रजीतून घेतलेले जे उद्गार रोज वापरतो, त्यांचे कूळ काय आणि ते आपल्याकडे का रुजले, हे पाहण्याचा प्रयत्न आहे. माझ्या मते आनंदोद्गाराचा अर्थ केवळ शब्दकोशात सापडत नाही. तो उद्गार कोण, कोणाला, कुठून काढतो हे पाहिले तरच सापडतो. थोडक्यात, उद्गारालाही पायरी असते.

शाबास : वरून खाली येणारा आनंद

सुरुवात आपल्या ‘शाबास’पासून करू. हा शब्द इतका घरचा झाला आहे की तो परका आहे असे कोणाला वाटत नाही. पण तो आहे फारसी. ‘शाद’ म्हणजे आनंदी आणि ‘बाश’ म्हणजे हो, राहा. ‘शाद बाश’ म्हणजे ‘सुखी राहा’. त्याचेच ‘शाबाश’ झाले आणि मराठीत आल्यावर ‘शाबास’. लोकांत मात्र एक कथा सांगितली जाते, ती अशी की इराणचा बादशहा शाह अब्बास याच्या नावावरून हा शब्द निघाला. कथा गोड आहे, पण खरी नाही, कारण शाह अब्बास सोळाव्या शतकाच्या अखेरीस गादीवर आला आणि हा उद्गार फारसी काव्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आढळतो. अशा कल्पित व्युत्पत्तीला भाषाशास्त्रात लोकव्युत्पत्ती म्हणतात. पुढे आपल्याला तिचे आणखी नमुने भेटतील.

गंमत म्हणजे हा शब्द इंग्रजांनीही आपल्याकडून घेतला. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला, त्यात ‘शाबाश’ आहे. म्हणजे उद्गारांची देवघेव एकाच बाजूने झाली असे नाही.

आता या शब्दाची पायरी पाहा. गुरुजी विद्यार्थ्याला शाबास म्हणतात. बाप मुलाला म्हणतो. कप्तान खेळाडूला म्हणतो. पण आपण आपल्या प्राध्यापकांना, त्यांनी कितीही सुंदर शिकवले तरी, ‘शाबास, सर!’ असे म्हणू शकतो काय? वर्गात कोणी प्रयोग करून पाहावा, परिणामाची जबाबदारी माझी नाही. शाबासकी ही पाठीवरची थाप आहे आणि पाठीवर थाप मारायला हात वरच्या उंचीवरून यावा लागतो. स्वतःलाच शाबासकी देणाऱ्याला आपण ‘स्वतःची पाठ स्वतःच थोपटतो’ म्हणून हसतो. ‘भले!’ हा शब्दही असाच. त्याचे कूळ मात्र फारसी नाही. संस्कृत ‘भद्र’, प्राकृत ‘भल्ल’, मराठी ‘भला’ अशी त्याची सरळ वंशावळ आहे. ‘भले रे पठ्ठ्या!’ या शब्दांत तर उस्ताद आणि त्याच्या आखाड्यातला शागीर्द असे दोघेही डोळ्यांपुढे उभे राहतात. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलाने शर्यत जिंकली की ‘भले रे पठ्ठ्या’, आणि मुलीने जिंकली की ‘गुणाची गं माझी बाय’. कौतुक दोघांचेही होते. पण एकाचे पराक्रमाबद्दल होते आणि दुसरीचे स्वभावाबद्दल.

इटालियन भाषेतून इंग्रजीत आणि तेथून आपल्याकडे आलेल्या ‘ब्राव्हो’ची कथा याच जातीची आहे. आज हा उद्गार मोठ्या नाट्यगृहांतला, झगमगाटातला वाटतो. पण त्याचा जुना अर्थ होता रांगडा, बेदरकार. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत ‘ब्राव्हो’ म्हणजे चक्क भाडोत्री मारेकरी. पुढे अठराव्या शतकात इटालियन संगीतिका लंडनच्या रंगभूमीवर गाजू लागल्या आणि त्यांच्याबरोबर हा शब्द गायकाच्या कौतुकासाठी रूढ झाला. इटालियन लोक पुरुषाला ‘ब्राव्हो’, स्त्रीला ‘ब्राव्हा’ आणि अनेकांना ‘ब्राव्ही’ म्हणतात. इंग्रजांनी हा भेद न ठेवता सर्वांना एकाच शब्दात गुंडाळले. आपल्या पठ्ठ्याला आणि त्यांच्या ब्राव्होला एकाच आखाड्याची माती लागलेली आहे असे म्हणायला हरकत नाही.

दाद आणि वन्स मोअर : खालून वर जाणारी मागणी

गाण्याच्या मैफलीत ‘वाहवा’, ‘क्या बात है’ असे उद्गार निघतात. यालाच आपण दाद देणे म्हणतो. ‘दाद’ हाही फारसी शब्द आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. म्हणूनच मराठीत कोर्टात दाद मागतात आणि मैफलीत दाद देतात. गायकाने जीव ओतून तान घेतली आणि ऐकणारा ढिम्म बसला तर तो गायकावर अन्यायच नाही का? वाहवा म्हणणाऱ्याला वयाने किंवा मानाने मोठे असावे लागत नाही, पण जाणकार असावे लागते. भलत्या जागी वाहवा केली की चार माना वळून पाहतात. म्हणजे इथेही एक पायरी आहेच, ती जाणकारीची.

जुन्या काळी कलावंत गात असे तो एखाद्या राजाच्या, सरदाराच्या किंवा श्रीमंताच्या पुढे. पुन्हा गा, असे सांगण्याचा अधिकार त्या आश्रयदात्याचा. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेही राजांच्या पुढे. परंतु पुढे दहाच वर्षांत, १८५३ साली, त्यांच्या मंडळीने मुंबईत तिकीट लावून खेळ केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. आता गाणे ऐकायला सरदार असण्याची गरज उरली नाही. खिशात तिकिटापुरते पैसे असले की झाले. आणि पैसे मोजणाऱ्या या नव्या, अनोळखी, गर्दीतल्या माणसाला आपला आनंद सांगायला एक शब्द हवा होता. ‘शाबास’ म्हणावे तर गायक थोर, आपण लहान. ‘वाहवा’ म्हणावे तर जाणकारीची भीती. त्याने इंग्रजीतून शब्द उचलला : ‘वन्स मोअर!’

या दोन शब्दांचा महिमा मराठी रंगभूमीच्या इतिहासात फार मोठा आहे. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नाटकांना इतके वन्स मोअर पडत की खेळ उत्तररात्रीपर्यंत लांबत. नाटकाची कथा जागच्या जागी थांबे, शकुंतला किंवा रुक्मिणी तेच पद पुन्हा आळवी आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसे. मला यात विशेष वाटते ते असे, की पिटात बसलेला एखादा कारकून किंवा दुकानातला नोकर केवळ एका आरोळीने त्या काळच्या सर्वांत मोठ्या गायकनटाला थांबवू शकत होता, आणि तो नट त्याचे ऐकत होता. शाबास वरून खाली येतो, वन्स मोअर खालून वर जातो. असा उलटा प्रवास करणारा आनंदाचा शब्द आपल्याकडे सहजी उपलब्ध नव्हता, म्हणून तो बाहेरून आणावा लागला.

यातली खरी मौज पुढेच आहे. इंग्रज प्रेक्षक स्वतः नाटकगृहात अशा वेळी ‘वन्स मोअर’ म्हणत नाहीत, ते ‘आँकोर’ असे ओरडतात. हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘पुन्हा’. अठराव्या शतकाच्या आरंभापासून तो लंडनमध्ये रूढ आहे. पण फ्रेंच प्रेक्षकांना विचाराल तर ते ‘आँकोर’ म्हणत नाहीत! ते लॅटिनमधला ‘बिस’ म्हणतात, म्हणजे ‘दोनदा’. फ्रेंचांनी लॅटिन घेतले, इंग्रजांनी फ्रेंच घेतले, मराठी माणसाने इंग्रजी घेतले. प्रत्येकाला ‘पुन्हा’ या अर्थाचा घरचा शब्द ठाऊक होताच, तरी प्रत्येकाने शेजाऱ्याचा घेतला, आणि तो शेजारी ज्या जागी वापरीत नाही त्या जागी वापरला. यावरून असे दिसते की उद्गार हा भाषांतरासाठी घेतला जात नाही, जागा भरण्यासाठी घेतला जातो.

आपल्या स्नेहसंमेलनात बेसूर गाणाऱ्यालाही हमखास वन्स मोअर मिळतो. एवढ्या थोर शब्दाची ही गत पाहून बालगंधर्वांना काय वाटले असते, कोण जाणे. पण अर्थ माणसाच्या आवाजाच्या चढउतारावर बदलतो, हे भाषाशास्त्राचे तत्त्व आमचे मित्र दर वर्षी प्रात्यक्षिकासह सिद्ध करतात, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

हुर्रे : सगळ्यांचा मिळून आनंद

आता ‘हुर्रे’कडे वळू. शाळेत सामना जिंकला की एकजण ‘हिप हिप’ म्हणतो आणि बाकीचे ‘हुर्रे’. इंग्रजीत ‘हुर्रा’ हे रूप सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागते. त्याआधीचे रूप ‘हुझ्झा’. त्या काळच्या इंग्रज लेखकांनी हुझ्झा ही मुळात खलाशांची आरोळी असल्याचे लिहून ठेवले आहे. शीड किंवा दोर ओढताना खलाशी मिळून जो आवाज काढीत, त्यातून ती निघाली असावी असे कोशकारांचे मत आहे. आपल्याकडे जड ओझे हलवताना मजूर ‘जोर लगाके हैशा’ म्हणतात, ते इथे कोणालाही आठवेल. आवाजांचे साम्य म्हणजे नाते नव्हे. पण दोन्हीकडचे घाम गाळणारे हात एकाच तालाने एकत्र येतात, हे साम्य मात्र खरे आहे. जर्मन भाषेतही ‘हुर्रा’ आहे आणि १८१३ च्या सुमारास नेपोलियनविरुद्धच्या लढायांत प्रशियाच्या सैनिकांची ती रणगर्जना होती. म्हणजे आज वाढदिवसाच्या केकपुढे उच्चारला जाणारा हा शब्द खलाशी, मजूर आणि शिपाई यांच्या गळ्यातून आलेला आहे.

‘हिप’ हा लक्ष वेधण्यासाठी घालायच्या हाकेचा शब्द, आपल्या ‘ए!’ किंवा ‘अहो!’सारखा. त्याविषयीही एक लोकव्युत्पत्ती प्रचलित आहे. जेरुसलेमचा नाश झाला या अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘हेप’ झाले आणि त्याचे ‘हिप’, असे सांगतात. १८१९ साली जर्मनीत ज्यूंवर हल्ले करणाऱ्या जमावाने ‘हेप हेप’ अशा आरोळ्या दिल्या ही गोष्ट खरी आहे, पण लॅटिन आद्याक्षरांची कथा मागाहून रचलेली आहे. इंग्रजीतली ‘हिप’ ही हाक त्या दंगलीच्या आधीची आहे. आमच्या वर्गातील एका मित्राने ‘हुर्रे’ हा आपल्या ‘हर हर’चाच अपभ्रंश असल्याचे मोठ्या अभिमानाने मांडले होते. त्यालाही हेच उत्तर. जुन्या नोंदींतून शब्द एका रूपातून दुसऱ्या रूपात जाताना दिसला पाहिजे. नुसते कानाला सारखे वाटून चालत नाही.

‘थ्री चीअर्स’ मधला ‘चीअर’ हा तर फारच मनोरंजक शब्द आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ चेहरा. मग चेहऱ्यावरचा भाव, मग मनाची स्थिती, मग चांगली मनःस्थिती, मग पाहुण्याला खूश करणारे खाणेपिणे आणि शेवटी, अठराव्या शतकात, आनंदाची आरोळी. चेहऱ्यापासून निघून शब्द आवाजापर्यंत पोहोचला. आपला फारसीतून आलेला ‘चेहरा’ आणि हा ‘चीअर’ कानाला सारखे लागतात, अर्थही एकच. परंतु दोघांची मुळे अगदी निराळी आहेत. नुसत्या साम्यावर विसंबू नये याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

पण मुख्य प्रश्न उरतोच. मराठीत मिळून गर्जना करण्याची परंपरा मुळीच कमी नाही. आपल्या विदर्भात पोळ्याच्या दिवशी बैलांच्या तोरणाखाली एकजण झडती म्हणतो आणि शेवटी सारा गाव ‘हर हर महादेव’ म्हणून ती उचलतो. गणेशोत्सवात ‘मोरया’ आहे. एकाने ‘बोला’ म्हणायचे आणि सर्वांनी ‘जय’ म्हणायचे, हा साचा ‘हिप हिप हुर्रे’च्या साच्यासारखाच आहे. मग हुर्रे घ्यायची गरज का पडली?

मला वाटते, आपल्या बहुतेक सामूहिक गर्जना कोणाच्या तरी नावाने असतात. देवाच्या, राजाच्या, पुढाऱ्याच्या. त्यांत आनंद असतो, पण तो कोणाच्या तरी चरणी वाहिलेला असतो. आणि नाव आले की कोणाचे नाव, हा प्रश्न आला. कोणाचेही नाव न घेता, केवळ आपण सारे खूश आहोत एवढेच सांगणारी आरोळी जवळपास नव्हती. एक ‘हुर्यो’ होती, पण ती दुसऱ्याची टर उडवण्याची. दहा जातींची, चार धर्मांची मुले शाळेच्या एका मैदानावर एका संघातून खेळू लागली, तेव्हा सगळ्यांना एका दमात म्हणता येईल असा शब्द लागला. ‘हुर्रे’ला ना देव, ना जात, ना अर्थ. त्याचा अर्थ नसणे हाच त्याचा उपयोग. इंग्रजी शिक्षण आपल्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांच्यासारख्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी आणले. ते १८४५ साली येथे आले. पण शाळेतल्या पुस्तकांबरोबर शाळेचे मैदानही आले, हे आपण विसरतो.

बेस आणि वॉव : हसण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे दोन्हीकडचे उद्गार माझ्या कानावर पडतात. घरी कापसाला बरा भाव मिळाला की वडील ‘बेस झालं, बाप्पा!’ म्हणतात. इकडे कँटीनमध्ये कोणाची नवी ओढणी पाहिली की ‘वॉव!’ होते. ‘बेस’ ऐकून शहरातले लोक हसतात, कारण त्यांना वाटते खेडूत मनुष्य इंग्रजी ‘बेस्ट’ची मोडतोड करीत आहे. आणि ‘वॉव’ ऐकून वडीलधारी मंडळी नाक मुरडतात, कारण ती त्यांना साहेबी नक्कल वाटते.

दोघांनाही त्या शब्दांचे कूळ दाखवले पाहिजे. ‘बेस’ हा ‘बेस्ट’चा अपभ्रंश नाही. फारसीत ‘बेश’ म्हणजे अधिक, सरस. त्याचा तो मराठी अवतार. ‘मस्त’ हाही फारसी, मूळ अर्थ नशेत धुंद. ‘मजा’ म्हणजे मुळात चव. उलटपक्षी, ‘वॉव’ हा साहेबाच्या दिवाणखान्यातला शब्द नव्हे. सोळाव्या शतकाच्या आरंभी तो स्कॉटलंडच्या बोलीत लिहिलेला सापडतो, म्हणजे लंडनच्या दृष्टीने तो आडगावचाच. विसाव्या शतकात अमेरिकेत त्याचे भाग्य उजळले आणि तेथून तो जगभर गेला. आज ज्या शब्दाने आपण शहरी ठरतो तो कधीकाळी गावंढळ होता, आणि ज्या शब्दाने आपण गावंढळ ठरतो तो कधीकाळी दरबारी भाषेतला होता. मग हसायचे कोणी आणि कोणाला?

भाषाशुद्धीचा मुद्दा येथे निघेल. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचला आणि कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ते आवश्यक आणि थोर कार्य होते. परंतु कारभाराचा शब्द माणूस विचार करून लिहितो, त्यामुळे तो बदलता येतो. आनंदाचा शब्द विचाराच्या आधी तोंडाबाहेर पडतो. म्हणून कितीएक फारसी शब्द गेले, पण ‘शाबास’ राहिला. माझ्या दृष्टीने उद्गाराच्या शुद्धतेची कसोटी एकच : तो आपोआप आला की आणला? आपोआप आलेला ‘वॉव’ मराठीच समजावा, आणि चारचौघांत दिसावे म्हणून आणलेला ‘अहाहा’सुद्धा परका समजावा.

साधु, साधु, साधु

शेवटी आपल्याच परिसरातील दोन शब्दांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. पूर्वी गावगाड्यात खालच्या मानलेल्या माणसाने वरच्याला ‘जोहार’ घालावा अशी रीत होती. वरचा त्याला उलट जोहार घालीत नसे. तो शब्दच एका दिशेचा होता. आपल्या शेजारच्या कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय दिले जाते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च. म्हणणारा आणि ऐकणारा एकाच पायरीवर. उसना न घेता, गरज ओळखून शब्द घडवता येतो आणि तो घराघरात पोहोचवता येतो, याचे हे उदाहरण आपल्यापासून काही मैलांवरचे आहे. हे अभिवादन आहे, परंतु दीक्षाभूमीवर लाखोंच्या तोंडून ते उठते तेव्हा ते अभिवादन उरत नाही, आनंदोद्गारच होते.

दुसरा शब्द ‘साधु’. संस्कृत नाटकांत राजे, ऋषी आणि सूत्रधार संतोष झाला की ‘साधु, साधु’ म्हणतात. त्यावरूनच ‘साधुवाद’ म्हणजे प्रशंसा. प्राकृतात त्याचे ‘साहु’ झाले आणि मराठीतला चोराच्या उलट असलेला ‘साव’ही त्याच घराण्यातला. हा उद्गार हळूहळू पोथ्यांतच राहिला होता. मात्र पालीत तो जिवंत राहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतल्यानंतर तो पुन्हा माणसांत आला. वंदना संपली की सर्वजण एकत्र म्हणतात : साधु, साधु, साधु. तीन वेळा, जसे ‘थ्री चीअर्स’ तीन वेळा. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. तिने संस्कृत नाटकाचे पान कधी पाहिलेले नाही. पण नाटकांतल्या राजांच्या तोंडचा हा आनंदाचा शब्द ती नित्य आणि अगदी स्पष्ट उच्चारते. कोणाच्या हातून चांगले काम घडले, त्यात मलाही आनंद आहे, असा त्या ‘साधु’चा भाव. बौद्ध परंपरेत त्याला अनुमोदन म्हणतात. शाबासप्रमाणे तो वरून येत नाही, वन्स मोअरप्रमाणे काही मागत नाही, आणि हुर्रेप्रमाणे अर्थावाचूनही नाही.

सारांश, आनंदोद्गारांना कूळ असते, पण ते उच्चनीच ठरवण्यासाठी नसते. खलाशी, पहिलवान, शिपाई, दरबारी, भिक्खू, आडगावचा स्कॉट आणि पिटातला प्रेक्षक अशा सर्वांनी आपापला आनंद आपल्या तोंडात ठेवून दिला आहे. ज्या समाजात ज्याला आनंदाने ओरडण्याची मुभा मिळते, त्याच्यासाठी भाषा शब्द शोधून काढते. तो घरात नसेल तर शेजारून आणते, शेजारी नसेल तर नवा घडवते.

आपल्या महाविद्यालयात गडचिरोलीपासून बुलडाण्यापर्यंतची मुलेमुली आहेत. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, हलबी, उर्दू, हिंदी अशा किती बोली आपल्या वर्गांत शेजारी शेजारी बसतात. प्रत्येकाने या सुट्टीत आपल्या घरचे, शेतावरचे, स्वयंपाकघरातले आनंदाचे उद्गार टिपून आणले, आणि शब्दाबरोबर तो कोण कोणाला म्हणतो हेही लिहिले, तर पुढील अंकासाठी एक लहानसा संग्रह सहज तयार होईल. व्याकरणाच्या पुस्तकाने शेवटच्या पंगतीला बसवलेल्या या जातीला निदान आपल्या मासिकाने तरी पहिल्या पंगतीचे पान वाढावे, एवढीच विनंती.